शिराझची शिकवणी

शिराझला मी गेलो तो फारसी शिकण्यासाठी, आणि फारसी शिकायची होती ती केवळ एवढ्यासाठी की, पुण्याच्या दप्तरातील ज्या जुन्या कागदांवर मी आयुष्याची काही वर्षे घालवली होती, त्यांची मोडी मला वाचता येत असूनही त्यांतले मायने, किताब, तारखा आणि कलमे यांतील निम्म्याअधिक शब्दांचा अर्थ मी अजमासाने लावीत होतो, आणि अजमासाने लावलेल्या अर्थावर इतिहासाची इमारत उभारणे हा प्रामाणिकपणा नव्हे, अशी टोचणी मनाला लागून राहिली होती. जीवनाविषयी काही उमजून घ्यावे, काही शहाणपण गाठीला बांधून परतावे, असा हेतू त्या प्रवासामागे मुळीच नव्हता.

मुंबईहून आगबोटीने बुशहर आणि तेथून मोटारीने काझेरूनमार्गे शिराझ, असा तो मार्ग. किनाऱ्यावरच्या खारट, दमट उष्म्यातून निघालेली मोटार एकामागून एक उघडेबोडके डोंगर चढत सुमारे 5,000 फूट उंचीवरच्या पठाराकडे जाते, आणि वाटेतल्या दोन अवघड घाटांना तिकडचे लोक ‘पीरेझन’ आणि ‘दोख्तर’ म्हणतात: एक म्हातारीचा घाट, दुसरा मुलीचा. मोटार हाकणाऱ्याने दुसऱ्या घाटाचे नाव उच्चारताच संस्कृतातली ‘दुहितृ’ माझ्या कानांत उमटली आणि ज्या भाषेला मी परकी समजून चाललो होतो ती निदान दूरच्या नात्यातली तरी आहे, हा पहिला धडा मला कोणत्याही शाळेत पाऊल टाकण्याआधी त्या वळणावरच मिळाला. माझ्या ट्रंकेत माधवराव पटवर्धनांचा 1925 सालचा ‘फार्शी-मराठी कोश’ होता, आणि सादीच्या ‘गुलिस्तान’ची, मुंबईतच छापलेली, एक जुनी शिळाछापी प्रत. एवढ्या भांडवलावर मी निघालो होतो.

ज्यांच्याकडे माझ्या शिकवणीची व्यवस्था झाली ते वृद्ध गृहस्थ वकील बाजाराच्या मागच्या एका बोळात राहत असत. बाजाराचे हे नाव करीमखान झंद याच्यावरून पडलेले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ सर्व इराण हाती असतानाही या पुरुषाने शहा ही पदवी धारण केली नाही, स्वतःला रयतेचा वकील म्हणवून घेतले. आणि छत्रपतींच्या नावाने राज्य चालवणाऱ्या पेशव्यांचा तो समकालीन होता, हे ध्यानात येताच त्या बाजाराच्या विटांच्या उंच कमानींखालून जाताना मला ओळखीच्या जागी आल्यासारखे वाटले. गुरुजींच्या घराच्या मध्यभागी अंगण, अंगणात निळ्या फरशांचा चौकोनी हौद, आणि हौदाच्या चारी अंगांना नारिंगाची झाडे. त्या दिवसांत ती फुलली होती आणि साऱ्या शहरावरच त्या फुलांचा गंध पसरलेला होता. ‘हौद’ आणि ‘नारिंग’ हे दोन्ही शब्द त्यांनी मला बोट दाखवून शिकवायला घेतले तेव्हा, हे मी आईच्या कडेवर असतानाच शिकलो आहे, असे मला त्यांना सांगावे लागले.

पूर्वी काय करीत होतात, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “मी दबीर होतो.” माझे हात नकळत जोडले गेले, कारण माझ्या मनात अष्टप्रधानांतले डबीर उभे राहिले, ज्यांना पुढे सुमंत हे नाव मिळाले आणि ज्यांच्याकडे परराज्यांशी होणारा सारा व्यवहार असे. आजच्या इराणात दबीर म्हणजे माध्यमिक शाळेतला शिक्षक, आणि दबीरेस्तान म्हणजे आपण ज्याला हायस्कूल म्हणतो ते. मी ही हकीकत सांगितली, शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंत्यांनी सिद्ध केलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’विषयीही सांगितले, आणि राज्यकारभारातले फारसी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द त्यात कसे बसवले होते हेही. तो उद्योग त्या काळी आवश्यकच होता असे माझे मत आहे. ज्याला आपले राज्य आहे त्याला आपल्या राज्याचे शब्दही हवेत. पण दरबाराने ज्यांना निरोप दिला ते शब्द देश सोडून गेले नाहीत. ते शेतात, बाजारात, माजघरात जाऊन राहिले, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहून त्यांचे काय झाले, हे मला त्या नारिंगाच्या झाडांखाली रोज थोडे थोडे कळू लागले.

पहिल्याच सकाळी गुरुजींनी विचारले, “हाल-ए-शोमा चेतोर अस्त?” तुमची स्थिती कशी आहे, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. पण मराठी माणसाने ‘हाल’ हा शब्द ऐकला की त्याला स्थिती ऐकू येत नाही, क्लेश ऐकू येतात. फारसीत हाल बरे असू शकतात, उत्तमही असू शकतात. आपल्याकडे हाल होतात ते वाईटच होतात, आणि कुत्रासुद्धा खाणार नाही असे होतात. ज्या समाजात एखाद्याची स्थिती विचारावी आणि ती बहुधा वाईटच निघावी, असे शतकानुशतके घडत आले, त्या समाजात स्थिती या शब्दालाच दुःखाचा वास लागला, असे याचे स्पष्टीकरण मी त्या दिवशी स्वतःशी केले. भाषाशास्त्रज्ञ याहून सावध स्पष्टीकरण देतील. मला मात्र दुष्काळांच्या, चढायांच्या आणि वसुलीच्या हकिगती वाचून वाचून हेच खरे वाटते.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. तिच्या डाव्या रकान्यात शब्दाचा तिथला अर्थ आणि उजव्या रकान्यात इथला, अशी ती मांडणी होती, आणि व्याकरणाच्या पाठांपेक्षा मी त्या वहीवरच अधिक रमलो, हे कबूल केले पाहिजे. व्याकरण तसे आपल्या माणसाला जड नाही: क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि लिंगभेद तर मुळीच नाही. तो, ती आणि ते या तिघांची सवय असलेल्या मला प्रथम त्या उणिवेने चुकल्यासारखे झाले. परमेश्वराविषयी, प्रिय व्यक्तीविषयी, दारी आलेल्या अनोळखी माणसाविषयी तिकडे एकच सर्वनाम येते, आणि त्यामुळे हाफिजच्या गझलेतली आर्तता मानवाला उद्देशून आहे की ईश्वराला, हा वाद सहाशे वर्षे चालू राहू शकतो. खुर्ची ती, मेज ते आणि पलंग तो का, या गुरुजींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

वहीतले काही शब्द केवळ गमतीचे होते. तिकडे ‘गोलाब’ म्हणजे गुलाबपाणी, फूल नव्हे. आणि ‘खूब’ म्हणजे चांगले, आपल्या ‘खूप’सारखे पुष्कळ नव्हे. पण काही शब्दांवर मी थबकलो ते आजपर्यंत थबकलेलाच आहे. ‘गरीब’ हा शब्द घ्या. फारसीत त्याचा अर्थ परका, आपल्या माणसांपासून दूर पडलेला. शेजारच्या घरची वृद्धा मला पाहून “गरीब आहे बिचारा” अशा अर्थाचे काही बोलली, तेव्हा मला क्षणभर वाईट वाटले. मागाहून गुरुजींनी सांगितले की, ती माझ्या खिशाविषयी बोलत नव्हती, माझ्या दूर असलेल्या घराविषयी बोलत होती, आणि त्याच कारणाने दर शुक्रवारी तिच्याकडून केशरी भाताची एक झाकलेली थाळी माझ्यासाठी येत असे. ज्याला आपले माणूस नाही तोच खरा निर्धन, असे समजून आपल्या पूर्वजांनी परक्याच्या शब्दाला दारिद्र्याचा अर्थ दिला असेल काय? तसे असेल तर तो अर्थ मला मूळ अर्थाहून खोल वाटतो.

‘फुरसत’ हा शब्द मात्र आपल्याकडे येऊन निर्धन झाला. तिकडे ‘फोर्सत’ म्हणजे संधी: आली आहे, निघून जाईल, म्हणून सावध राहून साधून घ्यावी अशी वेळ. आपल्याकडे ती कामे आटोपल्यावर उरलेली, कशातही न मोडणारी वेळ झाली. सकाळी उठून मैत्रिणीला वा मित्राला भेटायला जाणे, बागेत पाण्याच्या पाटाकाठी गालिचा अंथरून बसणे, यांकडे शिराझी माणूस फोर्सत म्हणून पाहतो आणि आपण फुरसत मिळाली तर पाहू म्हणून सांगतो. एका शब्दाने दोन समाजांचे दिवस किती निराळे केले!

यापुढचे तीन शब्द मी एकत्र सांगतो, कारण ते मला एकाच आठवड्यात भेटले. ‘गुलिस्तान’ 1258 साली लिहून पूर्ण झाले, आणि त्याच वर्षी हुलागूच्या फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केले. सारे जग कोसळत असताना सादी राजांच्या वर्तनाविषयी, संतोषाविषयी, मौनाच्या लाभांविषयी आणि वार्धक्याविषयी आठ प्रकरणे लिहीत बसला होता. पहिल्याच प्रकरणात, सर्व मानव एकाच देहाचे अवयव आहेत अशा आशयाच्या त्याच्या सुप्रसिद्ध ओळी येतात, आणि त्यांच्या अखेरीस, दुसऱ्यांच्या ‘मेहनती’विषयी जो बेफिकीर आहे त्याच्या माणूसपणालाच सादी हरकत घेतो. गुरुजी तो शब्द दुःख, यातना, संकट अशा अर्थाने शिकवीत होते आणि मी वहीत तसेच लिहून घेत होतो. पण माझ्यातला मराठी वाचक त्या ओळी निराळ्याच ऐकत होता. दुसऱ्यांच्या कष्टाविषयी, दुसऱ्यांनी उन्हात गाळलेल्या घामाविषयी ज्याला फिकीर नाही तो माणूस नव्हे, असे मला ऐकू येत होते. सादीला हे अभिप्रेत नव्हते. तरीही सातशे वर्षांनी, समुद्रापलीकडच्या एका भाषेत त्याच्या शब्दाने मिळवलेला हा अर्थ त्याला आवडला असता, असे मला मनापासून वाटले.

दुसरा शब्द ‘रोजगार’. फारसी कवितेत ‘रूझगार’ म्हणजे काळ: फिरणारा, देणारा, हिरावणारा, कोणाचीही पर्वा न करणारा काळ. आपल्या मोलकऱ्याच्या तोंडी तोच शब्द दिवसाच्या मजुरीपुरता उरला. काळाविषयी तक्रार करायला ज्याला सवड नाही, त्याने काळाला एका दिवसाएवढा लहान करून त्याच्याकडून संध्याकाळच्या भाकरीची वसुली केली, असे काहीसे मी गुरुजींना म्हणालो. मेहनत आणि रोजगार यांचे हे अर्थ हिंदुस्थानीतही रूढ आहेत. त्यांचे श्रेय एकट्या मराठीचे नव्हे, हेही सांगितले.

तिसरा शब्द मात्र आपलाच. ‘शेकस्त’ म्हणजे तिकडे मोडणे, भंगणे, आणि त्यावरून पराभव; उर्दूतही तो पराभवच राहिला, आणि आपल्या जुन्या लिखाणातही पराभवाच्या अर्थाने तो आढळतो. फारसीच्या एका जलद, मोडक्या वळणाच्या लिपीला याच शब्दावरून शिकस्ता म्हणतात, आणि आपल्या मोडीचे नावही मोडण्यावरूनच आले असावे, असे काही विद्वान मानतात. पण आज आपण ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ असे म्हणतो ते पराभव झाला या अर्थाने म्हणत नाही. आणखी थोडे ताणले असते तर मोडलो असतो, त्या टोकापर्यंत गेलो, असे म्हणतो. हे मी गुरुजींना समजावून देऊ लागलो तेव्हा त्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला, तो शब्द मराठी उच्चाराने दोनदा म्हणून पाहिला, आणि विचारले, “हा अर्थ प्रथम कोणी केला?” कोणी केला हे कसे सांगणार? कोणा पंडिताने केला नसावा. किल्ला पडल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कड्याखाली जमणाऱ्या कोणी हेटकऱ्याने केला असेल, तीन पेरण्या बुडाल्यावर चौथ्या पेरणीला बी उसने आणणाऱ्या कोणा कुणब्याने केला असेल. तत्त्वज्ञान ग्रंथांत असते असे मी मानत आलो होतो. ते असे एका शब्दाच्या बदललेल्या अर्थातही राहू शकते, आणि तेथे ते राहते तेव्हा ते कोणा एकाचे नसते, हे मला शिराझमध्ये पटले.

आपल्या एकनाथांना हे फार पूर्वीच उमगले होते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे कचेरीची भाषा नाथांच्या कानांवरची. आणि त्यांनी तीच भाषा उचलून ‘अर्जदस्त’ रचली, जीवाची कैफियत धन्याच्या दरबारी अर्जाच्या रूपाने मांडली. ते रूपक वाचताना पूर्वी मला केवळ कौतुक वाटे. तिकडे राहून आल्यावर कळले की, जी भाषा सामान्य माणसाला फक्त भीती दाखवण्यासाठी त्याच्या दारी येत होती, तिलाच नाथांनी त्याच्या मुक्तीच्या कामाला लावले होते.

शिकवणीच्या अखेरच्या दिवसांत एके सकाळी आम्ही दोघे तख्ते जमशीद पाहायला गेलो. शहराच्या वेशीवरच्या कुराण दरवाजातून निघून ईशान्येला सुमारे 60 किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी, दारयवहूच्या राजधानीचा तो प्रचंड चौथरा आहे. इसवी सनापूर्वी 330 साली सिकंदराच्या मुक्कामात त्यावरचे महाल जळाले आणि दगडी काम तेवढे शिल्लक राहिले. तिथल्या लेखांत एकच मजकूर प्राचीन फारसी, एलामी आणि बाबिली अशा तीन भाषांत कोरलेला आढळतो. प्राचीन फारसीत ‘मी’ला ‘अदम्’ म्हणतात, म्हणजे आपले ‘अहम्’च. पण मी अधिक वेळ रेंगाळलो तो अपदान सभागृहाच्या पूर्वेकडच्या जिन्यापाशी. तेथे साम्राज्यातल्या 23 प्रजांचे नजराणे घेऊन आलेले लोक दगडात कोरले आहेत, आणि त्यांत सिंधुदेशाचे लोकही आहेत. बाकीचे कोणी घोडे आणले आहेत, कोणी उंट, कोणी भरजरी वस्त्रे. आपला माणूस अनवाणी आहे, कमरेला धोतरासारखे वस्त्र आहे, आणि खांद्यावर कावड आहे. अडीच हजार वर्षे ती कावड त्याने खाली ठेवलेली नाही. पारड्यांत सोन्याची भुकटी असावी असे जाणकार म्हणतात. ती कोणाच्या घरी जाणार होती हे सांगायला जाणकार नको.

तिथले लेख युरोपात वाचले गेले ते कार्स्टेन नीबूरमुळे. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या सहा जणांच्या तुकडीतला हा एक. बाकीचे एकेक करून वाटेत मेले, आणि शेवटचा सोबती 1764 साली आपल्या मुंबईत मरण पावला. एकटा उरलेला नीबूर मुंबईत राहिला, घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने केली, आणि पुढच्या वर्षी तख्ते जमशीदला येऊन, ज्या लिपीतले एक अक्षरही त्याला कळत नव्हते तिची एकेक खूण त्या उन्हात उतरवून घेतली. त्या नकलांवरून ग्रोटेफेंडने 1802 साली पहिली काही अक्षरे सोडवली. आपल्याला न कळणारे लेखन, दुसऱ्या कोणाला तरी कधी तरी कळेल या भरवशावर बिनचूक उतरवणे, हे परभाषेच्या अभ्यासाचे अत्युच्च रूप मला वाटते.

परतताना वाटेवर एका भिंतीचे काम चालले होते. घमेली वाहणाऱ्या मजुरांपाशी येताच गुरुजी थांबले आणि म्हणाले, “खस्ते नबाशीद.” मजुरांनी मान लववून उत्तर दिले, “झेंदे बाशीद.” तुम्ही थकू नये, तुम्ही जिवंत राहावे. काम करीत असलेल्या माणसाशेजारून जाताना हे शब्द उच्चारल्याशिवाय तिकडचा सभ्य माणूस पुढे जात नाही. दुकानदाराला, टांगेवाल्याला, परीक्षा देऊन आलेल्या मुलाला, सर्वांना तो हे म्हणतो. ‘खस्ते’ म्हणजे थकलेला, जुन्या भाषेत जखमी. आपण खस्ता खातो त्या याच.

जून उजाडला तेव्हा मी निघालो. निरोप देताना गुरुजींनी माझी वही मागून घेतली, रात्रभर ठेवून सकाळी परत केली. उजव्या रकान्यातले सगळे मराठी अर्थ त्यांनी आपल्या हाताने, आपल्या लिपीत, स्वतःजवळ उतरवून घेतले होते. बोटीवरून होर्मुझचे बेट दिसले त्या संध्याकाळी मला हाफिज आठवला. बहमनी सुलतानाने त्याला दक्षिणेत बोलावले, वाटखर्च पाठवला, आणि तो या होर्मुझपर्यंत येऊन गलबतात चढलाही. पण वादळ उठले, तो उतरला, आणि गुलबर्ग्याला स्वतःऐवजी एक गझल पाठवून शिराझला परतला, अशी हकीकत फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे, आणि फिरिश्ता स्वतः अहमदनगर आणि विजापूरच्या दरबारांत वावरलेला माणूस होता. हाफिज आला नाही. त्याचे शब्द मात्र आपल्याकडे येऊन पोचले, आणि येथे त्यांनी कामाला हात घातला.

मुंबईच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा पावसाची पहिली सर येऊन गेली होती. एका उतारवयाच्या हमालाने माझी पुस्तकांची ट्रंक डोक्यावर घेतली, गर्दीतून वाट काढीत टॅक्सीपर्यंत आणली आणि ती उतरवताना त्याला धाप लागली. चार महिन्यांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, “खस्ते नबाशीद.” त्याने मान वर करून पाहिले. त्याला त्यातला एक शब्द तेवढा कळला होता.

“खस्ता कसल्या, दादा,” तो म्हणाला, “रोजगार हाय ह्यो आपला.”